एक बिल की आठ बिलं

माझी मुलगी सई आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रात्री रेंडर लावायचं आणि सकाळी बघावं तर लॅपटॉप तापून मध्येच बंद पडलेला, हे तिचं वर्षभराचं रडगाणं. आता तिला घरी डेस्कटॉप हवाय, आणि तोही सुटे पार्ट आणून स्वतःच्या हातांनी जोडलेला. माझा थोरला भाऊ महावितरणातून निवृत्त झालाय. त्याच्या मते कंपनीचा तयार आणावा आणि मोकळं व्हावं. पैसे मी देणार होते. त्यामुळे दोघं वाद एकमेकांशी घालत होते, पण आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचेल याची काळजी घेत होते. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या घरात त्यासाठी फार कष्ट पडत नाहीत.

मामा: असेंबल्ड म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. १९९७-९८ साली आमच्या सेक्शनमधल्या निम्म्या लोकांनी लॅमिंग्टन रोडवरून आणले होते. बिल कुठल्यातरी चिठोऱ्यावर, विंडोज फुकटच्या सीडीतलं, आणि बिघडलं की मदरबोर्डवाला म्हणणार रॅमवाल्याकडे जा, रॅमवाला म्हणणार एसएमपीएस बघा. आपण पिशवी घेऊन ग्रँट रोड स्टेशनचे जिने चढतोय-उतरतोय.

सई: ते तेव्हाचं झालं, मामा.

मामा: तेव्हाचं म्हणजे किती साधं होतं ते ऐक. एसएमपीएसमधून, म्हणजे पॉवर सप्लायमधून, बोर्डाकडे दोन कनेक्टर यायचे, पी-८ आणि पी-९. दोन्ही सहा-सहा वायरींचे, दिसायला जुळे. बसवताना दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध शेजारी आल्या पाहिजेत. अदलाबदल झाली की बोर्ड गेला. अरे, चुकीचं बसूच नये एवढी साधी अक्कल त्या बनवणाऱ्याला नव्हती! आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर मेमो मिळाला असता.

सई: ती अक्कल १९९५ मध्येच आली होती. एटीएक्स हे नवं प्रमाण तेव्हाच निघालं, बाजारात मुरायला वेळ लागला एवढंच. आता पॉवरचा मुख्य कनेक्टर एकच, २४ पिनांचा, तो उलटा शिरतच नाही. रॅमची खाच मध्यावर नसते, म्हणून तीही एकाच बाजूने बसते. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचासुद्धा वेगळ्या जागी आहेत, त्यामुळे चुकीची आणली तरी बोर्ड ती आत घेणार नाही.

मामा: म्हणजे जोडणं सोपं झालंय. कबूल. पण मी जोडण्याबद्दल बोलतच नाहीये. बिघडल्यावर काय, ते बोलतोय.

हे वाक्य मला महत्त्वाचं वाटलं, म्हणून गॅस बारीक करून मी बाहेर येऊन बसले. कॉम्प्युटर जोडण्याविषयी जे काही ऐकायला मिळतं त्यात कुठला प्रोसेसर किती वेगाचा यावरच नव्वद टक्के बोलणं असतं. बिघाडाबद्दल बोलणारा माणूस घरातला म्हाताराच असतो आणि त्याला कुणी विचारत नाही.

सई: आधी तयार मशिनबद्दल बोलू. दुकानात पाटी असते, प्रोसेसर अमुक, रॅम सोळा जीबी, ग्राफिक्स कार्ड तमुक. ती सोळा जीबी एकाच पट्टीत दिली की दोन, ते लिहिलेलं नसतं. एक पट्टी म्हणजे एकच चॅनल, प्रोसेसरला डेटा पोचायचा रस्ता निम्मा. बोर्ड कुठला ते लिहिलेलं नसतं. आणि एसएमपीएसचं तर नावही नसतं.

मामा: नाव नसतं? वॅट?

सई: असले तर असले. आणि मोठमोठ्या ब्रँडच्या कित्येक डेस्कटॉपमध्ये एसएमपीएसचा कनेक्टर त्यांचा खास असतो, बोर्डाचा आकारही. तीन वर्षांनी एसएमपीएस गेला तर बाजारातला साधा बसत नाही, त्यांच्याकडूनच घ्यायचा. तो मिळाला तर.

मामा: हे वाईट आहे.

सई: मग?

मामा: वाईट आहे म्हटलं. तरी त्यांचा माणूस घरी येतो. ऑनसाइट वॉरंटी. एक फोन, एक बिल, एकाच्या मानगुटीला धरायचं. तुझी किती बिलं होणार?

सई: प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर. आठ.

मामा: आठ दारं.

सई: आणि आठ वॉरंट्या. तयार मशिनला साधारण एक वर्ष मिळतं, जास्त हवं तर वर पैसे भरा. सुट्या भागात बॉक्समधल्या प्रोसेसरला तीन वर्षं, चांगल्या एसएसडीला पाच, बऱ्या एसएमपीएसला पाच, काहींना सात-दहा. दुसऱ्या वर्षी काही गेलं तर तुझ्या त्या एका बिलाचं काय करायचं?

मामा: पण स्वस्त तर पडतं ना तुझं?

सई: नाही.

मामाने चष्मा काढला. हे उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं.

सई: पूर्वी पडायचं. आता कंपन्या घाऊक घेतात, त्यांना विंडोजही घाऊक भावात मिळतं. वर रॅमचे भाव. २०२५ च्या अखेरीला ते असे चढले की विचारू नकोस. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी बनवण्यात जास्त पैसा, म्हणून मेमरीच्या कंपन्या तिकडे वळल्या. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रुशल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. स्वस्त पडतं म्हणून मी जोडत नाहीये. पैसा कुठे घालायचा ते मला ठरवायचंय म्हणून जोडतेय.

मामा: कुठे घालणार आहेस ते सांग.

तिने वही पुढे केली. मी सांगितलेल्या आकड्यात बसवायला तिने बरीच खाडाखोड केली होती. प्रोसेसर रायझन ५ ७६००, सहा कोअरचा. त्याचा सॉकेट एएम५. हा सॉकेट २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही त्याला नवे प्रोसेसर देऊ असं एएमडीने म्हटलं आहे. म्हणजे तीन-चार वर्षांनी बोर्ड तोच ठेवून नुसता प्रोसेसर बदलता येईल. रॅम सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या. कार्ड आरटीएक्स ५०६०, आठ जीबीचं.

मामा: कार्डावर आठच? तुझ्या रेंडरला हेच लागतं म्हणालीस ना?

सई: हेच लागतं. कार्डावर रेंडर करायचं तर सगळा सीन त्याच्या मेमरीत मावावा लागतो, झाडं, टेक्श्चर, सगळं. सोळाचं घेतलं तर आकडा ओलांडतो. पण कार्ड हा सगळ्यात सोपा बदलता येणारा भाग. एक स्क्रू, एक खटका. जुनं विकलंही जातं. बोर्ड बदलायचा म्हणजे अख्खं मशिन उसवायचं. म्हणून जे नंतर बदलणं कटकटीचं ते आज नीट घेतेय आणि जे सोपं ते आज लहान.

मामा: आणि एसएमपीएस?

सई: साडेसहाशे वॅट. आजच्या कार्डाला साडेपाचशे पुरतो, पण उद्या मोठं कार्ड टाकलं तर तो बदलायला नको.

मामा: हे पहिलं शहाणपणाचं बोललीस.

इथून पुढे तास-दीड तास माझा भाऊ कुणाचं ऐकेना. आयुष्यभर ज्याने लोकांना लोड किती, हे विचारलं, त्याला शेवटी स्वतःचा विषय सापडला होता. त्याने पेन्सिल घेतली. प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट. कार्ड १४५. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नास धरू. झाले २८३. एसएमपीएस काही शंभर टक्के देत नाही, पंधरा टक्के उष्णतेत जातात असं धरलं तर भिंतीतून ३३३. वर मॉनिटरचे पंचवीस.

मामा: तीनशे अठ्ठावन्न. आता घरात जो युपीएस पडलाय तो ६०० व्हीए. त्याच्यावर सहाशे लिहिलंय म्हणून सहाशे वॅट समजू नकोस. मागे बारीक अक्षरात बघ, ३६० वॅट.

सई: म्हणजे दोन वॅट शिल्लक!

मामा: म्हणजे लाइट गेली की युपीएसही जाणार. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकाच वेळी पूर्ण दमात चालतील असं रोज होणार नाही, पण रेंडरच्या वेळी होईल, आणि नेमकी तेव्हाच लाइट जाईल. हजार व्हीए घे, सहाशे वॅटवाला. आणि स्वस्तातले युपीएस बॅटरीवर गेले की गुळगुळीत साइन वेव्ह देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची देतात. तुमच्या नव्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी असतं, त्यातल्या काहींना ती पचत नाही. दुकानात विचारून घे.

सई: पण हा एसएमपीएस ८० प्लस गोल्डचा आहे.

मामा: त्या स्टिकरचा अर्थ वीज किती वाया जाते एवढाच. आतला माल कसा, शॉर्ट झाल्यावर वेळेत बंद पडतो की नाही, पाच वर्षांनी कसा असेल, यातलं तो काही सांगत नाही. स्टिकर बघ, पण स्टिकरवर लग्न ठरवू नकोस.

यादीत नव्याने शिरलेला पहिला खर्च असा युपीएसचा. दुसरा त्याहून वाईट, कारण तो दिसतही नाही. मामा उठला आणि सईच्या टेबलामागचा प्लग बघायला गेला. तीन भोकांचा सॉकेट होता, पण वरच्या मोठ्या भोकाला आतून वायर आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. त्याने जुन्या पिशवीतून बल्बचा होल्डर काढला, दोन वायरी लावलेला. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगमध्ये लावला. काहीच नाही. (हा प्रयोग वायरमननेच करायचा असतो, घरात गळती झाली की वीज तोडणारा ईएलसीबी असेल आणि अर्थिंग ठीक असेल तर तो ताडकन ट्रिप होतो, तेही उत्तरच. आमच्याकडे तोही झाला नाही.)

मामा: तुझ्या लॅपटॉपला दोन पिनांचा चार्जर, म्हणून कळलं नाही. इथे हे मशिन लावलंस तर कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतील. कशामुळे माहितीये? एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजवरून अर्थला, एक न्यूट्रलवरून अर्थला. अर्थिंग असेल तर सगळं जमिनीत जातं. नसेल तर पत्रा दोन्हींच्या मधोमध लोंबकळतो, २३० च्या निम्म्यावर. करंट अगदी किरकोळ, माणूस मरत नाही. पण एचडीएमआयची केबल लावता-काढताना तो बोर्डातून गेला तर?

सई: लोक म्हणतात चप्पल घालून बसा.

मामा: लोकांना म्हणावं, चप्पल बोर्डाला घाला.

सई हसली, पण तिने लिहून घेतलं. अर्थिंगची वायर मीटरपासून ओढायची ठरली आणि त्या खर्चापोटी कॅबिनेटची काच व रंगीत दिव्यांचे तीन पंखे यादीतून गेले. हा निर्णय माझा. आई म्हणून नव्हे, मशिनच्या पोटातले दिवे बघायला वेगळे पैसे द्यायचे ही कल्पनाच मला झेपत नाही म्हणून. जाळीदार पुढच्या पत्र्याचं साधं कॅबिनेट हवा जास्त खेळती ठेवतं, असं सईही नंतर म्हणाली. आधी का नाही म्हणाली, ते मी विचारलं नाही.

मामाने मग आपला जुना मॉनिटर देऊ केला. त्याला फक्त व्हीजीए. नव्या कार्डाला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट, व्हीजीए नाहीच. त्याचा २०१३ चा पीसीही त्याने देऊ केला. त्याला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हे दोन्ही प्रस्ताव पाच मिनिटांत निकालात निघाले आणि भाऊ जरा हिरमुसला. मग तो मूळ मुद्द्यावर आला.

मामा: बरं, सगळं आणलंस, जोडलंस. आठ महिन्यांनी एक दिवस बटण दाबलं आणि स्क्रीन काळी. आता तुला वॉरंटी क्लेम करायचीय. कुठल्या पार्टची?

सई: जो बिघडलाय त्याची.

मामा: तो कुठला, हे तुला कोण सांगणार? आम्ही ट्रान्सफॉर्मरवर काम करताना स्टोअरमधून चांगला फ्यूज आणायचो, लावायचो, चालला की कळायचं जुना गेला. दोष शोधायला दुसरा चांगला पार्ट लागतो. दुकानदाराकडे तो असतो, सर्व्हिस सेंटरकडे असतो. तुझ्याकडे दुसरा बोर्ड आहे? दुसरा प्रोसेसर?

सई गप्प झाली. मला वाटलं इथे निकाल लागला. खरं सांगायचं तर तयार मशिनच्या बाजूने याहून वजनदार मुद्दा मी ऐकलेला नाही. वेग, किंमत, दिसणं या सगळ्यांपेक्षा याला उत्तर देणं अवघड. पण ती वहीत बघून बोलायला लागली आणि यादी तिने वाटली त्याहून विचार करून केली होती हे लक्षात आलं.

सई: पट्ट्या दोन आहेत. एक काढून दुसरीवर चालू करायचं, मग उलट. रॅमचा दोष असेल तर कळला. प्रोसेसर मी ७६०० घेतलाय, ७५००एफ नाही. एफवाल्यात ग्राफिक्स नसतं, तो स्वस्त असतो. ७६०० मध्ये अगदी जुजबी ग्राफिक्स आहे, रेंडरला निरुपयोगी, पण कार्ड काढून मॉनिटर बोर्डाला लावला तर चित्र येतं. म्हणजे कार्डाचा दोष कळला. बोर्ड घेतलाय तो चार बारीक दिवेवाला, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. चालू होताना एकेक टप्पा पार झाला की दिवा विझतो. जो पेटलेला राहील तिथे अडलंय. एसएसडी गेली तर बायोसमध्ये दिसणार नाही.

मामा: एसएमपीएस?

सई: तो तू बघशील.

मामा: हं. चोवीसच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर काळीला जोडली की तो बोर्डाशिवाय सुरू होतो. मग मीटर लावून बारा, पाच, तीन पॉइंट तीन.

सई: आता सगळ्या वायरी काळ्याच असतात. पिना मोजायच्या, सोळावी.

मामा: बघ, काही माणसांना सोपं केलेलं बघवत नाही! बरं. मग राहिले बोर्ड आणि प्रोसेसर. त्या दोघांत भांडण लागलं तर?

सई: तर दुकानात न्यायचं.

मामा: म्हणजे पिशवी घेऊन ग्रँट रोड.

सई: हो. पण आठातल्या दोनांसाठी. आणि तयार मशिनचा माणूस येतो म्हणतोस, तो घरी येऊन काय करणार? बोर्ड बदलणार, चाललं तर चाललं. दोष शोधत कुणीच बसत नाही. मला शोधायचाय.

मामा: तुला शोधायचाय, कारण तू एकवीस वर्षांची आहेस. सबमिशनच्या आदल्या रात्री शोधायला लागलीस की मला सांग.

याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. मला वाटतं याला उत्तर नाहीच. रोज ज्या मशिनवर पोट आहे आणि शोधायला वेळ नाही, त्याने आपलं एक बिल घ्यावं, त्यात कमीपणा नाही. सईचं अजून पोट नाही, सबमिशन आहे, आणि जुना लॅपटॉप रखडत का होईना चालतो. तेवढ्या आधारावर मी होकार दिला. भावाला मी इतकंच म्हटलं, दादा, तिच्याबरोबर जा.

खरेदीबद्दल फार सांगत नाही. लॅमिंग्टन रोडचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण १९०७ साली मुंबई सोडून गेलेल्या गव्हर्नरचं नाव अजून दुकानदारांच्या तोंडून सुटत नाही. दोघं सकाळी गेले आणि तिन्हीसांजेला आले. घासाघीस सईने केली, बिलं मामाने तपासली. प्रत्येक बिलावर जीएसटी नंबर आणि पार्टचा सिरीयल नंबर लिहून घेतल्याशिवाय तो दुकानातून हलला नाही. एका ठिकाणी प्रोसेसर खोक्याविना, ट्रेमधला, थोडा स्वस्त सांगितला. सई क्षणभर पाघळली होती. मामाने विचारलं, याची वॉरंटी कंपनी देणार की तुम्ही? दुकानदार म्हणाला, आम्ही आहोत ना. मामा म्हणाला, तुम्ही आहात, पण आम्हाला कंपनी हवीय.

जोडणी रविवारी जेवणाच्या टेबलावर झाली. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. सॉकेटवर काळं प्लॅस्टिकचं झाकण असतं. ते उडालं तसं सईने केरात टाकायला घेतलं नाही, पाकिटात घालून ठेवलं. वॉरंटीत बोर्ड पाठवताना ते झाकण लागतं, नाहीतर आतल्या पिना वाटेत वाकल्या असं म्हणून परत पाठवतात. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात, १७१८, उजेडात धरलं तर मखमलीसारख्या दिसतात आणि त्यातली एक वाकली तरी बोर्ड हातचा जातो.

मामा: दाबू नकोस.

सई: दाबत नाहीये. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून नुसता ठेवायचा. आता ही दांडी.

दांडी खाली जाताना कर्रर असा आवाज आला. मामाने डोळे मिटले. तो आवाज येतोच, आणि जोरही बऱ्यापैकी लावावा लागतो. कूलरच्या तळाला पेस्ट कंपनीने आधीच लावलेली होती. स्क्रू मात्र चार, आणि ते गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे आमनेसामने, थोडे थोडे आवळायचे, हे मामाने तिच्या आधी सांगितलं. रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. एसएसडी च्युइंगगमच्या पट्टीएवढी आणि तिचा स्क्रू ज्वारीच्या दाण्याहून लहान. तो अर्थातच पडला आणि अर्थातच फ्रीजखाली गेला. मामाच्या लोहचुंबकी पेचकसाने तो बाहेर काढला. त्यानंतर त्या पेचकसाविषयी सगळ्यांचंच मत सुधारलं.

सई: आता कॅबिनेटमध्ये नाही घालायचं. इथेच चालू करून बघायचं. काही बोंब असेल तर आत्ताच कळू दे.

मामा: बटण कुठाय? ते तर कॅबिनेटला.

सई: बोर्डावर या दोन पिना. पेचकस टेकवायचा.

पंखा फिरला. चार दिव्यांपैकी सीपीयूचा पेटला, विझला. डीरॅमचा पिवळा दिवा पेटला आणि पेटलेलाच राहिला. स्क्रीन काळी.

मामा: अडकलं. रॅम. बंद कर.

सई: थांब.

मामा: अगं, दिवा सांगतोय ना, तूच म्हणालीस!

सई: पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो. कुठल्या पट्टीला किती वेळाने सिग्नल पोचतो ते तपासून बसवतो. डीडीआर५ ला काही मिनिटं लागतात. पुष्कळ लोक याच वेळी घाबरून वायर काढतात आणि परत पहिल्यापासून.

मामा: पण मग खरंच बिघडलं असेल तर कसं ओळखायचं?

सई: दहा-पंधरा मिनिटांनी.

पंचवीस-तीस वर्षं खांबावर काढलेला माणूस आणि त्याची एकवीस वर्षांची भाची एका पिवळ्या दिव्याकडे बघत बसले होते. एकाचं शिक्षण सांगत होतं की संशय आला की आधी पुरवठा तोड, आणि त्या शिक्षणाने त्याचा जीव किती वेळा वाचलाय ते आम्हाला घरात माहीत आहे. दुसरीचं सांगत होतं की हात लावू नकोस. मी मात्र बिलांची फाइल कुठे ठेवलीय ते मनातल्या मनात आठवून घेतलं. मग दिवा विझला, पुढचे दोन झरझर पेटून विझले आणि बायोसचा पडदा आला.

कॅबिनेटचं काम मामाने घेतलं. बोर्डाला जिथे भोक नाही तिथला पितळी स्टँडऑफ काढून टाकायचा, नाहीतर तो मागून बोर्डाला टेकून शॉर्ट होतो, हे त्याला न सांगता कळलं. पुढच्या बटणांच्या केसाएवढ्या वायरी मात्र मॅन्युअलमधलं चित्र बघून सईने लावल्या, कारण त्याला भिंगातूनही ती अक्षरं दिसेनात. विंडोज पक्कं घेतलं. ते यादीत नव्हतंच, दुकानातही आठवलं नाही आणि शेवटी माझ्याच कार्डावर गेलं. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

मामा: हे ४८०० काय?

सई: रॅमचा वेग. आपण आणलीय ६००० ची. बायोसमध्ये एक्सपो ही सेटिंग चालू केली की ६००० होईल.

मामा: चाललंय ना? मग हात कशाला लावतेस?

सई: मग ६००० चे पैसे कशाला दिले?

मामा: या प्रोसेसरला कंपनीने रॅम किती सांगितलीय?

सई: ५२००.

मामा: म्हणजे ६००० हा ओव्हरलोड.

सई: ओव्हरक्लॉक. सगळे करतात. २०२३ मध्ये काही प्रोसेसर यातूनच जळले होते, बोर्डवाले एक्सपोबरोबर प्रोसेसरमधल्या एसओसी या भागाला व्होल्टेज जास्त देत होते. मग एएमडीने त्याला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. मी बायोस आधीच अपडेट करणार आहे.

मामा: आणि त्यातून काही झालं तर तीन वर्षांची वॉरंटी?

सई: लेखी म्हणशील तर ओव्हरक्लॉकचं नुकसान वॉरंटीत येत नाही. एक्सपोसुद्धा त्यात धरतात.

मामा: म्हणजे आठातलं एक बिल तू पहिल्याच दिवशी फाडतेयस.

सई: आठवडाभर ४८०० वर चालवते. मग ६००० करते आणि रात्रभर मेमटेस्ट लावते. चार पासमध्ये एकही एरर आली तर परत खाली.

मामा: रात्रभर?

सई: बत्तीस जीबी आहे, वेळ लागतो.

मामा: मग ते युपीएसवर लाव. आणि तो जुना नव्हे, हजारवाला.